जुना चालू हाय ना?

शाळेतली माझी मैत्रीण आखातातल्या एका दवाखान्यात नर्स होती. एका सुट्टीत ती आली आणि तिचा वापरलेला स्मार्टफोन मला देऊन गेली. काडीनं टोचून चालवायचा, तळहाताएवढा पडदा, पाठीला कॅमेरा. आमच्या भागात तेव्हा असला फोन फारसा कुणाकडं नव्हता.

"हा अनलॉक हाय," ती म्हणाली. "कोणत्याबी कंपनीचं कार्ड टाक, चालतो. एका कंपनीला बांधलेला न्हाई."

आमच्या घरात होता तो फोन बांधलेला होता. एका कंपनीनं त्या वर्षांत फोन आणि नंबर एकत्रच विकायला काढले होते. त्यात कार्ड नसायचं. नंबर त्या यंत्राच्या पोटातच असायचा. तो फोन माझ्या धाकट्या भावानं आणला होता. दुकानदारानं नंबरांची यादी पुढं केली तेव्हा त्यानं बराच वेळ घालवून आईला पाठ होईल असा नंबर निवडला. शेवटचे आकडे जोडीजोडीचे होते. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तो नंबर ती एका दमात म्हणून दाखवायची. आल्यागेल्याला म्हणून दाखवायची.

मी अंबडच्या कोर्टाबाहेर टायपिंग करायची. प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं, नावात बदल केल्याचे अर्ज. लग्न मोडून मी माहेरी आले त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. आमचं गाव शहागडपासून चालत अर्ध्या तासावर, गोदावरीच्या अंगाला. सकाळी एसटीनं अंबड, संध्याकाळी परत. घरी आई, आबा म्हणजे वडील, आणि मी. थोडी शेती आणि चाळीसेक मेंढरं. आमच्या आजोबांपर्यंत सगळे मेंढरांमागंच हिंडले. आबांनी जमीन धरली, पण जीव मेंढरांतच.

भाऊ घरातून गेला तो याच मेंढरांपायी. त्याचं असं झालं. एका सकाळी तो कळप घेऊन हायवे ओलांडत होता. तेवढ्यात मित्राचा फोन आला. हा बोलत राहिला. पुढची मेंढरं पार झाली, मागची रस्त्यावरच थबकली, आणि भरधाव आलेल्या ट्रकला आवरता आलं नाही. अकरा मेंढरं गेली. त्यात दोन मेंढ्या गाभण होत्या. आबा शेतातून धावत आले तोवर चहाच्या टपरीवरची सगळी माणसं गोळा झाली होती. आबांनी त्या सगळ्यांसमोर त्याला काठीनं मारलं. एकोणीस वर्षांचा होता तो. त्यानं हात आडवा केला नाही की पळाला नाही. एक तडाखा भुवईवर बसला आणि रक्त डोळ्यात उतरलं, तेव्हा कुठं आबा थांबले. थांबताना म्हणाले, "मेंढरांच्या जागी तू असता तर बरं झालं असतं."

मी तिथंच होते. एसटीची वाट बघत उभी होते. मी मधे पडले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फोन आईच्या हातात दिला. "हा तुझ्यापाशी ठेव," एवढंच म्हणाला आणि शहागडच्या रस्त्याला लागला. आईला वाटलं, डोक्यातला राग गेला की दुपारी येईल. तो आला नाही.

आठ महिन्यांनी त्याचा पहिला फोन आला. कुठल्या तरी एसटीडी बूथवरून. मी रविवार म्हणून घरी होते. आईनं फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"कुठं हायस रं?"

"हाय इकडंच. काम करून राह्यलो. आबांना सांगू नको."

"जखम भरली का?"

"भरली कवाच."

मागं यंत्रांचा खडखडाट येत होता. मिनिटभरात फोन तुटला. आई बराच वेळ तसाच कानाला लावून बसली. त्यानंतर तीन-चार महिन्यांतून एकदा त्याचा फोन यायचा, दर वेळी वेगळ्या बूथवरून, दुपारच्या वेळी, आबा मेंढरांमागं असताना. पत्ता तो सांगायचा नाही. आपण उलट फोन लावला तर कुणीतरी बूथवाला उचलायचा आणि म्हणायचा, इथं दिवसाला शंभर माणसं येतात. त्याच्याकडून आमच्याकडं यायला एकच वाट होती, ती म्हणजे आईला पाठ असलेला तो नंबर.

पुढं त्या कंपनीची रेंज आमच्याकडं कमी होत गेली. टॉवर हलवला म्हणायचे, खरं काय ते कळलं नाही. घरात फोन नुसताच पडून राहायचा. शेजारच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिलं की दोन काड्या दिसायच्या. आई रोज दुपारी फोन घेऊन त्या गच्चीवर जाऊन बसायची. उन्हाळ्यातसुद्धा, डोक्यावर पदर घेऊन. मला अंबडहून घरी फोन लावायचा म्हटलं तर लागायचा नाही. आईचा रक्तदाब वाढलेला, एकदा चक्कर येऊन ती त्याच गच्चीवर पडली आणि मला ते संध्याकाळी घरी आल्यावर कळलं. दुसऱ्या एका कंपनीची रेंज मात्र आमच्या स्वयंपाकघरातसुद्धा फुल्ल येत होती. मैत्रिणीचा फोन हातात आला तो याच दिवसांत.

मी तो घेऊन जुन्या जालन्यात गेले. कापडाच्या ठोक दुकानांच्या गल्लीत एक मोबाईलचं दुकान होतं. दुकानदारानं फोन उलटापालटा करून बघितला, आपल्याजवळचं एक कार्ड घालून बघितलं.

"अनलॉक हाय, बराबर. फॉर्म भरा, दोन फोटो द्या. संध्याकाळपर्यंत चालू होईल."

"नंबर जुनाच राहील का?"

"न्हाई ताई. कंपनी बदलली की नंबर बदलतो. फोन तुमचा, नंबर त्यांचा."

मी खुर्चीवर बसून राहिले. त्यानं दोनदा विचारलं, भरायचा का फॉर्म? मी विचार केला, जुना फोन काही कुठं जात नाही. तोही चालू ठेवू. आई गच्चीवर जाईल तिची तिची. मी फॉर्म भरला.

घरी आल्यावर आईनं नवा फोन हातात घेतला, पडद्याला बोट न लावता बघितला आणि विचारलं, "मंग जुना?"

"तोबी चालू राहील."

"त्याला नवा नंबर ठाऊक न्हाई, बाई."

"पुढच्या टायमाला त्याचा फोन आला की तू सांग त्याला."

पण मधे त्याचा फोन आलाच नाही. आईनं नवा नंबर पाठ केला, त्याला सांगायचा म्हणून. दोन-तीन महिने मी जुन्या फोनचं रिचार्ज आठवणीनं मारलं. मग त्याची बॅटरी फुगली. तसली बॅटरी अंबडला मिळाली नाही, जालन्याला जाऊन बघते म्हणत ते राहूनच गेलं, आणि रिचार्जही थांबलं. कोर्टात तेव्हा काम फार होतं. खरं सांगायचं तर ते कारण नव्हतं. नव्या फोनमुळं माझं सगळं सोपं झालं होतं. मैत्रिणीशी बोलायची, पक्षकार थेट मला फोन करायचे. त्या बंद यंत्राकडं बघायचा मला कंटाळा आला होता.

आई मात्र रोज संध्याकाळी मी चप्पल काढते न काढते तोच विचारायची, "जुना चालू हाय ना?"

"हाय," मी म्हणायची.

एकदा हो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी नाही कसं म्हणायचं. असं करत वर्ष गेलं. आई गच्चीवर जायची थांबली. मला वाटलं, विसरत चालली. बरं झालं, असंही वाटलं.

पोळ्याच्या आसपास एका दुपारी टायपिंगला गिऱ्हाईक नव्हतं. समोर नाव बदलल्याचा एक अर्ज अर्धवट पडला होता. काय मनात आलं, मी नव्या फोनवरून आमचा जुना नंबर लावला. बंद आहे असं ऐकायची माझी तयारी होती. घंटा वाजली. एका बाईनं उचलला.

मी म्हटलं, "हा नंबर आमचा होता."

ती आधी चिडली. आमचा हाय आता, बंद पडलेला नंबर कंपनीनं आम्हाला दिला, म्हणाली. मग मी भाऊ, आई, बूथ असं काहीबाही सांगत गेले तशी ती नरमली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, एका माणसाचा फोन आल्ता. दोनदा. मी हॅलो म्हणलं की तो म्हणायचा, आई? मी म्हणलं, राँग नंबर. तिसऱ्या बारीला आमच्या मालकांनी घेतला. त्यांनी लई शिव्या दिल्या त्याला. परत बाईमाणसाला फोन केला तर पोलिसात देईन म्हणले."

"तो काय म्हणाला?"

"काय न्हाई. 'चुकलं' म्हणला अन् ठेवला."

मी तिला माझा नंबर दिला. परत फोन आला तर एवढं सांगा म्हटलं. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतला आणि मला वाचून दाखवला. ती परभणीकडची होती. तिचं नाव मी विचारलं नाही, तिनंही माझं विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी घरी न जाता आधी आबांकडं गेले. ते मेंढरं वाड्यात घालत होते. भाऊ गेल्यापासून त्यांनी त्याचं नाव काढलेलं नव्हतं, आणि फोनला तर त्यांनी कधी हात लावला नव्हता. त्या फोननंच पोरगं बिघडलं म्हणायचे. मी त्यांना सगळं सांगितलं. आईला तो फोन करायचा हेही, मी खोटं बोलत आले हेही. मला वाटलं, ते ओरडतील. ते दावणीच्या दगडावर बसले.

"फोन करत व्हता तो?" त्यांनी विचारलं. "किती साल?"

"दोन साल तरी."

"मला काय म्हणायचा?"

"तुम्ही कसे हाव, विचारायचा," मी म्हणाले. तो तसं कधीच विचारत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा माझ्याआधी तयार. म्हणाले, तुझ्या मशीनवर चिठ्ठ्या काढ. शहागडला ट्रक थांबतात, ते चारी मुलखाला जातात. मी कोर्टाबाहेर बसून मजकूर टाइप केला. 'घरचा फोन नंबर बदलला आहे. जुन्यावर लावू नये. आई वाट पाहते.' खाली नवा नंबर. एका कागदावर आठ चिठ्ठ्या बसायच्या. घरी आणल्यावर आबांनी मजकूर माझ्याकडून वाचून घेतला.

"अजून एक लिही," मग म्हणाले. "आबाबी वाट बघतात, असं लिही."

मी पुन्हा सगळ्या टाइप केल्या.

त्या दिवसापासून मेंढरं त्यांनी शेजाऱ्याच्या कळपात घातली आणि ते रोज शहागडच्या ढाब्यांवर जाऊ लागले. चहा पीत बसलेल्या ड्रायव्हरांपुढं उभं राहायचे, घोंगडी खांद्यावर, चिठ्ठी पुढं करून. उंची हातानं दाखवायचे. उजव्या भुवईवर वण हाय म्हणून सांगायचे. वण कशाचा, ते सांगायचे नाहीत. कुणी चिठ्ठी खिशात घालायचं, कुणी त्यावर तंबाखू मळायचं. एकदा मी एसटीतून उतरले तर हायवेच्या कडेला आमच्या पाच-सहा चिठ्ठ्या पडलेल्या. मी त्या गोळा करून पिशवीत टाकल्या आणि घरी काही बोलले नाही.

आईला आम्ही दोघांनीही खरं सांगितलं नव्हतं. आबा रोज शहागडला कशाला जातात, तिनं विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात तिची एक बाजू लुळी पडली. जालन्याला दवाखान्यात नेलं. सहा दिवस ती तिथं होती. बोलणं अडखळत होतं, पण कळत सगळं होतं. चौथ्या दिवशी दुपारी मी तिचे केस विंचरत होते. तिनं चांगल्या हातानं उशीखाली चाचपून जुना फोन काढला. घरून निघतानाच्या गडबडीत तिनं तो पदरात बांधून आणला असावा. बॅटरी फुगून त्याची पाठ उघडी पडली होती.

मी सवयीनं म्हणाले, "चालू हाय, आई."

"न्हाई," ती म्हणाली. एकेक शब्द वेळ घेऊन येत होता. "दिवा लागत न्हाई त्याचा. लई दिस झाले."

"तुला ठाऊक होतं?"

तिनं मान हलवली.

"मंग रोज विचारायचीस कशाला?"

"तू 'हाय' म्हणलीस की जेवण जायचं."

मग मी तिला सगळं सांगितलं. परभणीकडची बाई, शिव्या, 'चुकलं' म्हणून त्यानं ठेवलेला फोन. ते मी सांगायला नको होतं, असं मला आजही वाटतं. ती रडली नाही. फक्त तो फोन माझ्या हातात दिला आणि तोंड भिंतीकडं केलं. दोन दिवसांनी सकाळी ती गेली.

तिला जाऊन पाच दिवस झाले असतील. घरात पाहुणे होते. माझा फोन वाजला. परभणीची बाई होती.

"ताई, त्याचा फोन आला. आत्ता. मी तुमचा नंबर दोनदा वाचून दाखवला. लिहून घेतला त्यानं. तुमच्या आईला सांगा जल्दी."

मी तिला काहीच सांगितलं नाही. बरं म्हटलं. ती इतकी आनंदात होती.

त्या दिवशी फोन आला नाही, दुसराही दिवस गेला. दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी अनोळखी नंबर दिसला. मी फोन घेऊन मेंढरांच्या वाड्यात गेले.

"अक्का?" तो म्हणाला. आवाज जाड झाला होता. "नंबर बदलला व्हय तुम्ही?"

"व्हय रं."

"मला वाटलं, मला तोडलं. आबांनीच कुणाला तरी शिव्या द्यायला लावल्या असं वाटलं." मग जरा हसल्यासारखं करून म्हणाला, "आईला दे. तिच्याशीच बोलायचंय."

त्यानं दोनदा आईला दे म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. पलीकडं यंत्रांचा खडखडाट चालूच होता. मग तो म्हणाला, "कवा?"

मी सांगितलं.

तो तेराव्याच्या सकाळी आला. सुरतेकडं कापडाच्या गिरणीत होता. गाल आत गेले होते. महिनाभर तापानं पडून होता आणि त्यातून उठल्यावर, शिव्या तर शिव्या, एकदा लावून बघू म्हणून त्यानं तो नंबर फिरवला होता. आबा अंगणात उभे होते. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. आबांनी बादली उचलून त्याच्या पायावर पाणी घातलं.

विधी उरकल्यावर मी त्याला नदीवर घेऊन गेले आणि माझ्याकडून काय झालं ते सांगितलं. बॅटरीचं, रिचार्जचं, रोजच्या त्या 'हाय'चं. तो खडे पाण्यात टाकत ऐकत होता.

"रोज विचारायची?" त्यानं विचारलं.

"रोज."

मग त्यानं आणखी एक खडा पाण्यात टाकला. बोलला असता, भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

रात्रीच्या जेवणाला तिघंच होतो. आबा मधेच थांबले आणि म्हणाले, "कोणत्या ड्रायव्हरनं दिली रं चिठ्ठी?"

भावानं माझ्याकडं बघितलं. चिठ्ठ्यांचं मी त्याला नदीवर सांगितलं होतं. त्याला एकही मिळालेली नव्हती.

"नाशिककडचा व्हता," तो म्हणाला. "सरदारजी."

"उंच? पिवळी पगडी?"

"तोच."

"मी म्हणलंच व्हतं," आबा माझ्याकडं वळून म्हणाले. "तो माणूस चांगला हाय. त्यानं दोनदा वाचून घेतली चिठ्ठी." आणि ते पुन्हा जेवू लागले.

चार दिवस राहून तो सुरतेला परत गेला. थांब असं आबांनी म्हटलं नाही, मीही नाही. त्या उन्हाळ्यात आबांनी उरलेली मेंढरं विकली. परभणीच्या बाईला मी नंतर फोन करून आईचं सांगितलं. ती फोनवर रडली, मला रडू आलं नाही. भाऊ आता महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी फोन करतो. आधी आबांशी बोलतो, पाऊसपाणी, गुडघेदुखी, ऊस कुणी लावला. मग फोन माझ्याकडं येतो. तो विचारतो, "बरी हायस ना, अक्का?" मी म्हणते, "बरी हाय." त्यापलीकडं आम्ही दोघं अजून गेलेलो नाही.